घरून लॉगिन करणाऱ्या वाचकांना परत पाठवणाऱ्या प्रॉक्सी सेवेबद्दल तक्रार

सोलापूर, जुलै २०२०

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
ई-संसाधन दूरस्थ प्रवेश विभाग

महोदय,

२५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि वाचनकक्ष बंद झाला. विद्यापीठाच्या आवारातून वाचताना ई-नियतकालिकांच्या प्रकाशकाचा सर्व्हर आमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) ओळखतो, त्यामुळे वाचकाला पासवर्ड कधी लागलाच नव्हता. आता तोच वाचक करमाळा, सांगोला, अक्कलकोट इथे घरी बसून मोबाइल डेटावर वाचतो. तुमची प्रॉक्सी, म्हणजे घरच्या वाचकाला लॉगिन करून स्वतःच्या पत्त्यावरून प्रकाशकाकडे नेणारी सेवा, त्याच्यासाठीच घेतली, आणि ती नेमकी मोबाइलवर मोडते.

दोष सेशनमध्ये, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर चालू राहणाऱ्या प्रवेशात आहे. तुमचा सर्व्हर सेशन वाचकाच्या आयपी पत्त्याशी बांधतो. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात. रेंज गेली, डेटा बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो. तो बदलला की वाचक पुन्हा लॉगिनच्या पानावर. अर्धी उतरलेली पीडीएफ तुटते, मग उघडत नाही. 'कॅशे साफ करा, ब्राउझर बदला' या तुमच्या मदतकक्षाच्या ठरलेल्या उत्तराचा इथे काडीचाही उपयोग नाही. सेशन कुकीवर (ब्राउझरमध्ये साठवलेल्या ओळखखुणेवर) चालवा, आयपीची तपासणी काढा आणि वापर नसताना सेशन बंद होण्याची मुदत किमान दोन तास ठेवा. लांबलचक लेख वाचताना माणूस दर पाच मिनिटांनी क्लिक करत नाही.

शिवाय वाचक तुमच्या पोर्टलवरून शोध सुरू करतच नाहीत. ते गुगल स्कॉलरवर शोधतात, थेट प्रकाशकाच्या पानावर पोहोचतात आणि तिथे लेखाची किंमत दिसते. नियतकालिकाची वर्गणी आम्ही भरलेली असते, पण ग्रंथालयाकडे ते नाहीच असे समजून विद्यार्थी टेलिग्रामवर पीडीएफ मागतो. स्कॉलरच्या सेटिंग्जमधील 'लायब्ररी लिंक्स'मध्ये आमचे नाव यायला लिंक रिझॉल्व्हरची (शोधलेल्या लेखावरून वाचकाला ग्रंथालयाच्या प्रतीकडे नेणाऱ्या प्रणालीची) नोंदणी लागते. करारानुसार ते काम तुमचे आहे, अजून झालेले नाही.

प्रॉक्सीमुळे प्रकाशकाला सगळे वाचक एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. कोणी एकाने डाउनलोडर लावून अंकच्या अंक उतरवले तर प्रकाशक तो पत्ताच रोखतो आणि सगळ्यांचे वाचन थांबते. प्रत्येक खात्याला डाउनलोडची मर्यादा घाला. कोणते सेशन कोणत्या खात्याचे, याची नोंदही आम्हाला द्या, म्हणजे तेवढेच खाते बंद करता येईल.

नोंदणीसाठी संस्थेचा ईमेल सक्तीचा नको. संलग्न महाविद्यालयांतल्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे तो नसतो. प्रवेश क्रमांक पुरे, पडताळणी आम्ही करू.

मासिक अहवालात फक्त लॉगिनची बेरीज येते. ती आमच्या कामाची नाही. प्रकाशकांकडून काउंटर रिलीज ५ (ई-संसाधनांचा वापर मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक) नुसार नाकारलेल्या प्रवेशांचे अहवाल मिळवून द्या. 'नो लायसन्स'चा (वर्गणी नसल्याने नाकारलेल्यांचा) आकडा मोठा असेल तर वर्गणीची यादी बदलावी लागेल. 'लिमिट एक्सीडेड'चा (एका वेळच्या वाचकांची मर्यादा भरल्याने नाकारलेल्यांचा) असेल तर ती मर्यादा वाढवून घ्यावी लागेल. दोन्हींचा खर्च वेगळा, मंजुरी वेगळी.

नूतनीकरणाचे बिल मिळाले आहे. सेशनची दुरुस्ती झाल्याचे लेखी कळवा. मोबाइल डेटावर तपासून मगच बिल वित्त विभागाकडे पाठवू.

आपले,
ई-संसाधन कक्ष,
विद्यापीठ ग्रंथालय, सोलापूर