देगाव लोंढ्याला कधी गेलं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत आपल्या बेळगाव भागातल्या जुन्या देवळांवर पानभर लेख आला होता. लेख झकास, फोटो तर एक नंबर, पण सोबत जो नकाशा छापला त्यानं आमची पार वाट लावली बघा. हलशी बरोबर जागेवर आणि देगाव मात्र हलशीच्या पश्चिमेला, लोंढ्याच्या अंगाला! आम्ही दोन गाड्यांवर चौघं, नातू माझ्या मागं कात्रण धरून बसलेला, असे थेट लोंढ्यात जाऊन पोचलो. तिथं टपरीवर चहा घेता घेता विचारलं तर टपरीवाला हसायलाच लागला, "अहो काका, देगाव कित्तूरजवळ, हिकडं कुठं आलासा?" झालं. बायको दिवसभर बोलली नाही आणि 12व्या शतकातलं कमल नारायणाचं देऊळ, जे गोव्याच्या कदंब घराण्याच्या राणी कमलादेवीनं बांधवून घेतलं, ते राहिलं ते राहिलंच.

तक्रार तेवढीच, पण मला नकाशाचं जरा वेड आहे म्हणून पुढं लिहितोय, जागा असेल तर छापा नाहीतर सोडून द्या. आमचे दादा, म्हणजे वडील, हा भाग मुंबई राज्यात होता त्या काळात मोजणीवाल्यांच्या हाताखाली साखळी धरायचे. शंकू-साखळीची मोजणी, 33 फुटांची साखळी, तिचे 16 सारखे भाग म्हणजे आणे, साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा आणि असे 40 गुंठे झाले की एकर. बांधावर उभं राहून कागदावर कच्ची आकृती काढायची आणि प्रत्येक रेघेवर माप लिहायचं, त्याला टिपण म्हणतात, तो कागद दिसायला वेडावाकडाच असतो पण आकडे खरे पाहिजेत. दादा म्हणायचे टिपणात एक आणा चुकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. तेव्हा हसायचो, आता आमच्याच भाऊबंदकीत बघतोय, असो.

तर सांगायचं म्हणजे नकाशातली चूक एकट्याची राहत नाही, पुढचा मागच्याचं बघून काढतो. आफ्रिकेच्या नकाशात कॉंग नावाची डोंगररांग होती. जेम्स रेनेल नावाच्या इंग्रज नकाशेवाल्यानं 1798 साली ती काढली. हा रेनेल आपल्याकडंच तयार झालेला गडी, 1767 साली बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला, त्याच्या आदल्या वर्षी भूतानच्या हद्दीकडं संन्याशांच्या टोळीनं तलवारीनं त्याला जवळपास संपवलाच होता तरी पठ्ठ्यानं काम सोडलं नाही, म्हणजे माणूस कच्चा अजिबात नव्हता. पण पश्चिम आफ्रिकेत तो स्वतः गेलाच नाही. मुंगो पार्क नावाचा प्रवासी नायजर नदी बघून आला, लांबवर डोंगर दिसले असं त्यानं सांगितलं, आणि नदी समुद्राकडं न वळता पूर्वेला का जाते याचं उत्तर तर रेनेलला पाहिजेच होतं, मग काय, दिली ठोकून पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत लांबलचक रांग. पुढच्यांनी ती उचलली, कुणी कुणी तर डोंगरावर बर्फसुद्धा टाकला! शेवटी बिंजर नावाचा फ्रेंच अधिकारी त्या मुलखातून स्वतः हिंडला आणि 1889 मध्ये सांगितलं की बाबांनो इथं डोंगरच नाही. म्हणजे 90 वर्षं एक आख्खी डोंगररांग नुसती कागदावर उभी होती, आणि त्यानंतरही ती काही ॲटलासमधनं लगेच गेली नाही.

हे जुन्या काळातलं म्हणाल तर सँडी आयलंड घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मधलं बेट, गूगल मॅपवर पण दिसायचं, 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथं गेलं तर खाली 1300 मीटरहून जास्त खोल पाणी. सॅटेलाइट वरनं फिरायलाय आणि खाली आपण 1876 मधल्या देवमासे मारणाऱ्या जहाजाची नोंद पुढं ढकलत बसलोय.

एक किस्सा मात्र मला फार आवडतो, तो उलटा आहे. अमेरिकेत 1930च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग नावाच्या नकाशा कंपनीनं न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं खोटंच गाव टाकलं, मालकाच्या आणि त्याच्या मदतनिसाच्या नावातली अक्षरं फिरवून, कशासाठी तर कुणी नकाशा चोरला की पकडता यावा म्हणून. पुढं दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नकाशात ॲग्लो दिसलं, हे म्हणाले सापडला चोर! तर ती कंपनी म्हणते तिथं खरंच ॲग्लो जनरल स्टोअर आहे, जाऊन बघा. होतंच की! दुकानदारानं नकाशात नाव बघून तेच दुकानाला दिलेलं. आता बोला.

चूक सगळ्यांकडनं होते हो, पण ती झाल्यावर माणूस काय करतो ते बघावं. विल्यम लॅम्टन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1802 साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेघ, म्हणजे पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती पहिली रेघ, मोजून हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू केली. त्याचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं धूड. इंग्लंडहून येताना फ्रेंचांनी जहाजासकट धरून मॉरिशसला नेलं आणि नंतर सन्मानानं परत पाठवलं म्हणे (असे शत्रू पाहिजेत). 1808 मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते वर ओढत असताना दोर सुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं, कोन मोजायचं चक्रच वाकडं झालं. दुसरा असता तर तसंच दामटून पुढं गेला असता, कोण बघायलाय! हा माणूस तंबूत जाऊन सहा आठवडे ते चक्र स्वतः सरळ करत बसला. म्हातारपणीही कामावरच होता, 1823 मध्ये मोजणी करत करतच आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथंच आहे. तिकडं कुणी जाणार असेल तर जरूर बघून या.

तर साहेब, मागणी छोटीच आहे. दुरुस्ती छापा, पण आतल्या पानावर बोटभर चौकटीत नको, नकाशा जेवढा छापला होता तेवढाच नवीन छापा. त्यात उत्तरेचा बाण घाला, स्केल घाला आणि खाली बारीक अक्षरात लिहा की कुणी काढला, कधी काढला आणि तो माणूस स्वतः तिथं जाऊन आलाय का. घाई एवढ्यासाठी की तुमचं ते कात्रण आमच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायलाय, आणि परवा एका सहलीच्या जाहिरातीतसुद्धा तोच नकाशा बघितला, देगाव लोंढ्याजवळच, फक्त रंग बदललेला.

आम्ही येत्या रविवारी परत निघालोय, या वेळी कित्तूरवरनं. आणि लोंढ्याच्या त्या टपरीवाल्याला मी सांगून आलोय की बाबा, गिऱ्हाईक कितीही वाढलं तरी टपरीवर देगाव टी स्टॉल अशी पाटी तेवढी लावू नकोस.

आपला,
एक जुना वाचक
बेळगाव