कॉन्सर्टिनाचे वय नुसत्या क्रमांकावरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कॉन्सर्टिनाचे (दोन्ही हातांत धरून भाता दाबत-ओढत वाजवायच्या बटणांच्या छोट्या वाद्याचे) छायाचित्र छापले की खाली 'दीडशे वर्षांपूर्वीचे वाद्य' असे ठोकून दिलेले असते. दीडशे कशावरून? बहुतेक वेळा वाद्यावर कोरलेल्या क्रमांकावरून. हा क्रमांक कामाचा आहे, पण कारखाना आणि वाद्याचा प्रकार ठाऊक असेल तरच.

लंडनच्या लाशेनाल कंपनीचे उदाहरण घ्या. तिथे अँग्लो (भाता दाबताना एक सूर, ओढताना दुसरा) आणि इंग्लिश (दोन्ही वेळा तोच सूर) यांच्या क्रमांकांच्या मालिका वेगळ्या होत्या. अँग्लोची मालिका दोन लाखांच्या आसपास पोचली, इंग्लिशची साठ हजारांच्या आसपास थांबली. त्यामुळे पन्नास हजारांतला क्रमांक इंग्लिशवर असेल तर वाद्य कंपनीच्या उत्तरकाळातले, अँग्लोवर असेल तर त्याहून कितीतरी जुने. क्रमांक तोच, फरक काही दशकांचा. शिवाय या कंपनीच्या नोंदवह्या हरवल्या आहेत, म्हणून तिथला कोणताही साल अंदाजानेच धरायचा. त्यातल्या त्यात लेबल मदत करते. नुसते 'लुई लाशेनाल' असेल तर साधारण १८५८ ते १८७३, 'लाशेनाल अँड कंपनी' असेल तर त्यानंतर १९३३ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत. कंपनीचे संस्थापक लुई स्वतः १८६१ मध्येच वारले, पण नाव लेबलवर राहिले.

व्हीटस्टोन कंपनीचे वाद्य असेल तर नशीब बरे. तिच्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत आणि इंटरनेटवर पाहता येतात. पण वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या वह्या विक्रीच्या आहेत, त्यातली तारीख वाद्य दुकानाबाहेर गेल्याची असते, बनल्याची नव्हे. परत आलेले वाद्य पुन्हा विकले गेले की तोच क्रमांक काही वर्षांनी दुसऱ्यांदा दिसतो, म्हणून पहिली नोंद धरावी. दुसरे, १८९१ ते १९१० या काळाच्या वह्याच नाहीत. या खिंडारातला क्रमांक असेल तर लेबलवरचा पत्ता पाहावा. कंपनी १९०५ च्या सुमारास कंडुइट स्ट्रीटवरून वेस्ट स्ट्रीटला गेली, म्हणजे एकोणीस वर्षांचे खिंडार पत्त्याच्या एका ओळीने दोन भागांत विभागले जाते.

पत्त्यातली टपालविभागाची अक्षरेही नीट वाचावीत. लंडनमध्ये 'डब्ल्यू. सी.' अशी अक्षरे १८५७-५८ पासून आली आणि त्यांना आकडे जोडले गेले १९१७ मध्ये. 'डब्ल्यू. सी. २' असे छापलेले लेबल व्हिक्टोरिया राणीच्या काळातले असूच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो. 'जर्मनीत बनवलेले' असा इंग्रजी शिक्का असेल तर तो १८८७ च्या ब्रिटिश व्यापारचिन्ह कायद्यानंतरचा समजावा. लेबलवरचे नाव मात्र पुष्कळदा बनवणाऱ्याचे नसते, विकणाऱ्याचे असते. कारखाने दुकानदारांच्या नावानेही माल देत.

म्हणून वाद्य उघडल्याशिवाय खरे कळत नाही. षट्कोनी वाद्याच्या प्रत्येक बाजूला सहा बोल्ट असतात. खाचेत पुरेपूर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, नाहीतर डोक्याची खाच जाते. एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसरा, असे करू नये. प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा देत गोल फिरावे. पुठ्ठ्यावर षट्कोन काढून, भोके पाडून, निघालेला बोल्ट आपापल्या जागी खोचावा, कारण ते अदलाबदल केले की नीट बसत नाहीत. जाळी (बाजूचे कोरीव झाकण) आणि तिच्याखालची कळांची यंत्रणा एकत्रच उचलावी. त्या वेगळ्या केल्या की बटणे कलंडतात आणि सगळी पुन्हा भोकांत बसवताना संध्याकाळ जाते. खाली रीडची (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) तबकडी दिसते. मधल्या भोकात बोट घालून ती सरळ वर ओढावी. घट्ट असेल तर कडेला पाते घालून उचकटू नये, लाकूड फुटते. रीडला बोट लावू नये, घामाने पोलाद गंजते.

आता तबकडी, यंत्रणेची फळी आणि भात्याची चौकट, तिन्हींवरचे ठसे पाहा. दोन्ही बाजूंचे सगळे क्रमांक जुळले तरच बाहेरच्या क्रमांकावर विश्वास ठेवावा. एका बाजूची तबकडी वेगळ्या वाद्यातून आलेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. पेन्सिलीने लिहिलेली तारीख दिसली तर ती बहुधा दुरुस्ती करणाऱ्याची असते, म्हणजे वाद्य त्याआधीचे, एवढेच. ती अक्षरे पुसू नयेत, आधी फोटो काढावा.

पितळी रीड म्हणजे जुने वाद्य, हा समज सोडावा. पोलादी रीड रुळल्यावरही स्वस्त वाद्यांत पितळच वापरत. भाता तर सर्वांत बेभरवशाचा, तो बदललेलाच असतो असे धरून चालावे. ट्यूनिंग जास्त बोलके आहे. मूळ सुरात राहिलेल्या वाद्याचा 'ए' हा सूर ४५२ हर्ट्झच्या आसपास निघाला, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ पाव स्वर चढा, तर ती जुनी इंग्लिश उंच पट्टी. लंडनच्या मैफिलींनी ती १८९५ च्या सुमारास सोडली. बँडवाल्यांनी पुढेही बरीच वर्षे चालवली, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरत नाही. पण वाद्य ट्यूनिंगला देण्याआधी प्रत्येक सूर मोजून लिहून ठेवावा. कानस एकदा रीडवर फिरली की ही खूण कायमची गेली.

आपला,
एक वाद्यदुरुस्तीकार