नवा म्हणून विकलेला गेटवे अजून दुसऱ्याच कारखान्याच्या नावावर आहे, त्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
औद्योगिक ऑटोमेशन विभाग

विषय : सूत रंगाईच्या मशीनवरील कंट्रोल पॅनेल व गेटवे असुरक्षितपणे जोडून दिल्याबाबत

महोदय,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा सूत रंगवण्याचा कारखाना आहे. टेरी टॉवेलवाल्यांना आम्ही रंगीत सूत पुरवतो. दिवाळीनंतर आपल्याकडून तीन डाइंग मशीनचे कंट्रोल पॅनेल घेतले आणि मशीन मोबाईलवर दिसावीत म्हणून एक गेटवे, म्हणजे मशीन इंटरनेटला जोडणारी पेटी. पॅनेलबद्दल तक्रार नाही. तापमान नीट धरतात, डोसिंग पंप वेळेवर चालू होतो. तक्रार आहे ती हे सगळं ज्या पद्धतीने जोडून दिलं त्याबद्दल. फोनवर आपल्या माणसांनी "ॲप अपडेट करा" म्हणून विषय मिटवला, म्हणून आता लेखी देतो आहे.

ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा आमच्या तीन मशीनखाली आणखी दोन मशीन दिसत होती. ती दुसऱ्या गावातल्या एका प्रोसेस हाऊसची निघाली. पार्ट्यांची नावं, रंगछटांचे (शेडचे) नंबर, रंगांच्या रेसिपी, सगळं उघडं. डाइंग मास्टर रेसिपीची वही कपाटात कुलूप लावून ठेवतो, हे आपल्यासारख्या या धंद्यात मशीन विकणाऱ्यांना सांगायला नको. आम्हाला त्यांचं दिसत होतं, म्हणजे त्यांना आमचंही दिसत असणार. अपडेट केल्यावर ती नावं पडद्यावरून गेली. पण गेटवेच्या आतल्या नोंदीत पहिली नोंदणी आमच्या बिलाच्या तारखेआधीची आहे, आणि मालक म्हणून खातं अजून त्यांचंच. हा गेटवे आधी तिकडे बसवलेला होता की डेमोला नेलेला होता, हे आम्हाला कळलंच पाहिजे. बिलात तो नवा म्हणून लावला आहे.

आपल्या माहितीपत्रकात लिहिलंय की प्रत्येक उपकरणात आयईईई ८०२.१एआर या उपकरणांच्या ओळखीच्या मानकाप्रमाणे कारखान्यातच भरलेलं डिजिटल ओळखपत्र असतं. असेल. पण त्या ओळखपत्रावरून उपकरण अस्सल आहे आणि कोणत्या कंपनीत तयार झालं एवढंच कळतं. ते आज कोणाच्या मालकीचं आहे, यासाठी त्याच मानकात दुसऱ्या, मालकाने द्यायच्या ओळखपत्राची सोय आहे. ती पायरी आपल्या माणसाने केलीच नाही. शेत विकत घ्यावं आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहावं, तशी आमची गत झाली आहे. आणि इथे तर जुनं खातं सोडवण्याची किल्ली फक्त आपल्याकडे आहे.

पासवर्डचीही तीच तऱ्हा. तिन्ही पॅनेलना आणि गेटवेला एकच पासवर्ड, तोही आतल्या स्टिकरवर छापलेला. "नंतर बदलून घ्या" असं आपला माणूस सांगून गेला. बदलायला गेलो तर तो मेनू इंजिनिअर पातळीच्या पासवर्डने बंद, आणि तो पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत म्हणे. शिवाय गेटवे, पॅनेल आणि ऑफिसातला टॅलीचा संगणक एकाच स्विचवर खोचले आहेत. गेटवे आणि पॅनेल यांच्यात मॉडबस टीसीपी चालतं, म्हणजे यंत्रांनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायची पद्धत. मॉडबस १९७९ सालचं, त्यात पासवर्ड विचारण्याची सोयच नाही. जो आत पोचला तो सेटपॉइंट, म्हणजे मशीनला ठरवून दिलेलं तापमान, डोस वगैरे आकडे, लिहू शकतो. म्हणजे दार एकच, ते गेटवेचं, आणि त्याचीच ही अवस्था.

सेटपॉइंट बदलला तर काय होतं, हे आपल्या सर्व्हिसवाल्यांना बहुतेक माहीत नसावं. रिॲक्टिव्ह रंगात सोडा हळूहळू सोडावा लागतो. एकदम पडला की रंग जिथल्या तिथे पकडतो. सुताचा कोन (गुंडाळी) बाहेरून गडद, आतून फिका. असा लॉट शेवटी काळ्यात घालावा लागतो, आणि पार्टीने मागितलेला असतो पोपटी. पेरॉक्साइडचं ब्लीचिंग तर ९५ अंशांच्या आसपास चालतं. तिथे झाकणाच्या लॉकशी कुणी खेळला तर प्रश्न सुताचा राहत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा होतो.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीत कारखाना बंद होता, गेटवे मात्र यूपीएसवर चालू. त्या दिवसांत बाहेरून कुणीतरी आत आल्याची नोंद आहे. विचारल्यावर उत्तर मिळालं, "रुटीन मेंटेनन्स असेल." 'असेल' म्हणजे काय? नोंदीत नाव 'ॲडमिन'. आपले सगळेच ॲडमिन, मग कोण आलं ते कळणार कसं? वर आपल्या एका साहेबांनी विचारलं, सोलापूरच्या सूतवाल्याला कोण हॅक करणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्याचा पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) असाच ताब्यात घेतला गेला. त्या जातीच्या पीएलसींचा कंपनीने दिलेला पासवर्ड होता ११११. हल्लेखोरांना त्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. ते विशिष्ट देशात बनलेली उपकरणं शोधत होते. आपला माल जितक्या ठिकाणी एकाच पासवर्डने बसलाय, तितकी ठिकाणं एकाच यादीत आहेत.

जुन्या खात्यातून हा गेटवे सोडवल्याचं लेखी पत्र आम्हाला द्या, किंवा सीलबंद नवा द्या. बदलून दिलात तर आमच्यासमोर पूर्ण रिसेट करून, आपल्या डिजिटल सहीचं ताजं फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) टाकून, आमचं ओळखपत्र भरून मगच लाईनला जोडायचा. प्रत्येक पॅनेलचा पासवर्ड वेगळा, आणि तो बदलण्याचा अधिकार आमच्याकडे. बाहेरून येण्याची सोय एरवी बंद, आमच्या माणसाने फोनवर हो म्हटल्यावर ठरावीक वेळेपुरती उघडायची. आपला माणूस येईल तो स्वतःच्या नावाने आत येईल. पॅनेल आणि ऑफिस यांच्यात फायरवॉल आम्ही आमच्या खर्चाने बसवतो, तेवढं आमचं काम. मात्र त्यातून नेटवर्कचे कोणते पोर्ट (ये-जा करायच्या वाटा) उघडे लागतात याची यादी आपणच द्यायची. ती मागितली तर "सगळे उघडे ठेवा" असं उत्तर आलं होतं.

गड्ड्याच्या सुट्टीतली आपल्या सर्व्हरवरची लॉगिन नोंदही हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा "पुसली गेली" हे उत्तर चालणार नाही. त्याच निर्देशांत असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायला सांगितलं आहे. आम्ही आमच्या बाजूने कळवलं आहे. आपण कळवलं का, तेही या पत्राच्या उत्तरात लिहा. आणि त्या दुसऱ्या प्रोसेस हाऊसला आपण सांगितलं नसेल तर आधी त्यांना सांगा.

धंद्यासाठी घेतलेल्या मालावर ग्राहक आयोगाकडे जाणं सोपं नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून बिलाची शेवटची दहा टक्के रक्कम रोखून धरली आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम झालं तर ती त्याच दिवशी आपल्या खात्यात जमा होईल. नाही झालं तर गेटवे परत पाठवीन आणि त्याची किंमत वजा करून हिशेब पुरा करीन. सध्या त्याची केबल काढून ठेवली आहे, पॅनेल जागेवरूनच चालवतो. मोबाईलवर काही दिसत नाही, पण लॉट बरोबर निघताहेत.

आपला,
मालक, सूत रंगाई कारखाना
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर