संत्या, तुझ्या कोऱ्या पानाबद्दल

प्रिय संत्या,

तुझा मेसेज मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर टाईप करायला घेतलं पण ते संपेचना, म्हणून लॅपटॉप उघडून सरळ पत्रच लिहितोय. चहा घेऊन बस, लांबण लागणार आहे. वाचनालयाचे जुने दिवाळी अंक अ‍ॅपमध्ये आणायचं तुम्ही मनावर घेतलंत हे भारी काम आहे, एरवी ती कपाटं वाळवीच्या नावानेच होती. (कॉपीराइटचं तेवढं कमिटीला बघायला सांग, आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतात, अंक जुना आहे म्हणून आपोआप मोकळा होत नाही.)

आता तुझा प्रश्न. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनची अ‍ॅप्स बनवायचं साधन) वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपच्या आतला छोटा ब्राउझर, टाकलास, त्याला पीडीएफची लिंक दिलीस, तुझ्या बहिणीच्या आयफोनवर अंक झकास उघडला आणि तुझ्या स्वतःच्या अँड्रॉइडवर कोरं पान. यात तुझं काही चुकलेलं नाही. अ‍ॅपलच्या वेबव्ह्यूला पीडीएफ दाखवता येते, अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये ती सोयच नाही, इतकी साधी भानगड आहे. आणि हे बहुतेकांना शेवटी कळतं कारण डेमो नेमका आयफोनवर दिलेला असतो.

यावर नेटवर तुला एक जुगाड सापडेल, गूगलच्या डॉक व्ह्यूअरची लिंक पुढे जोडायची आणि आपली फाईल त्यातून दाखवायची. तो करू नकोस. एक तर फाईल सगळ्या जगाला उघडी ठेवावी लागते तरच तो व्ह्यूअर ती वाचणार, वर तो कधी चालतो कधी नाही, आणि मोठ्या फाईलला तर हमखास मान टाकतो. तुमचे अंक चांगलेच वजनदार असणार, त्यामुळे विषय संपला.

दुसरा रस्ता म्हणजे पीडीएफ डॉट जेएस, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला पीडीएफ दाखवणारा कोड, अ‍ॅपमध्येच भरायचं आणि वेबव्ह्यूत चालवायचं. मोझिलाचं आहे, २०११ पासून चाललंय, २०१३ च्या फायरफॉक्स १९ पासून ब्राउझरमध्येच येतं. दमदार गोष्ट आहे, वेबसाईटसाठी मी तेच घेईन. पण फोनच्या अ‍ॅपमध्ये जाड स्कॅन उघडले की सगळं काम जावास्क्रिप्ट करणार आणि स्वस्तातला फोन तापणार. शिवाय लोक एकदा ते फोल्डरमध्ये टाकतात आणि विसरतात. २०२४ च्या मे महिन्यात त्यात एक मोठं भोक निघालं होतं, सीव्हीई-२०२४-४३६७ (सुरक्षेच्या भोकांना असे नोंदणी नंबर देतात), फाईलमधल्या फॉन्टच्या माहितीतून कुणी मुद्दाम कोड घुसवला तर फाईल उघडताक्षणी तो चालायचा. ४.२.६७ या आवृत्तीत दुरुस्त झालं. पण ज्यांनी कधीकाळी जुनी कॉपी अ‍ॅपमध्ये भरून ठेवलीये त्यांच्याकडे ती दुरुस्ती कोण नेऊन देणार.

म्हणून आता मुद्द्यावर येतो. तू विचारलंयस, 'कुठलं पॅकेज वापरू?' पॅकेजांची, म्हणजे अ‍ॅपला जोडायच्या तयार कोडची, वर जत्रा भरलीये रे, पण खाली पान प्रत्यक्ष रंगवणारी इंजिनं मोजकीच आहेत आणि तुला निवडायचंय ते इंजिन. अँड्रॉइडमध्ये पीडीएफ रेंडरर नावाचा क्लास ५.० पासून आहे, त्याच्याही पोटात पीडीएफियमच आहे, जे मुळात फॉक्सिटचं होतं आणि गूगलने २०१४ मध्ये खुलं केलं, क्रोममध्येही तेच. आयफोनवर अ‍ॅपलचं पीडीएफकिट, ते आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७. वेबवर पीडीएफ डॉट जेएस. चौथं म्युपीडीएफ, इंजिन म्हणून सुरेख पण लायसन्स एजीपीएल, म्हणजे एक तर तुझा सगळा कोड खुला कर नाहीतर पैसे मोज. आता पॅकेजेस बघ. पीडीएफएक्स अँड्रॉइडवर तो पीडीएफ रेंडरर वापरतं आणि आयफोनवर अ‍ॅपलचं इंजिन. फ्लटर पीडीएफव्ह्यू अँड्रॉइडवर पीडीएफियम आणि आयफोनवर पीडीएफकिट. रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाल्यांचं (ते फ्लटरसारखंच दुसरं साधन) रिअ‍ॅक्ट नेटिव्ह पीडीएफ हे प्रसिद्ध पॅकेज आहे त्याचीही तीच कथा. आणि पीडीएफआरएक्स मात्र सगळीकडे पीडीएफियमच लावतं. सिंकफ्यूजनचं पण आहे, दिसायला तयार मालासारखं, पण त्याच्या फुकट लायसन्सला उत्पन्नाच्या आणि माणसांच्या अटी आहेत, कमिटीतल्या कुणाला तरी त्या वाचायला लाव.

माझं मत विचारशील तर दोन्ही फोनवर एकच इंजिन. याचं कारण असं की पीडीएफमध्ये फॉन्ट नीट भरलेला नसला की प्रत्येक इंजिन आपापल्या अकलेने दुसरा फॉन्ट लावतं, मग एकाच पानाचा अँड्रॉइडवर वेगळा अवतार आणि आयफोनवर वेगळा, आणि तुझ्याकडे आलेली तक्रार तुला तुझ्या फोनवर दिसतच नाही. एकच इंजिन असलं की चूक असली तरी दोन्हीकडे सारखी असते, ती पकडता येते. म्हणून पीडीएफआरएक्स घे. अ‍ॅपचा साईझ काही एमबीने वाढेल, वाढू दे. फक्त एक बघ, प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्यासाठी केलेल्या अ‍ॅप्सना १६ केबी मेमरी पेजची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांच्या मापाची) अट घातलीये, सी प्लस प्लसमधून आलेली प्रत्येक लायब्ररी त्या मापात बसवलेली लागते, आणि पीडीएफचं इंजिन म्हणजे नेमकं तेच. बरीच जुनी पीडीएफ पॅकेजेस इथेच गळपटतात, कारण त्यांच्या आतली लायब्ररी वर्षानुवर्षं कुणी हलवलेली नाही. तेव्हा पॅकेज निवडताना स्टार मोजण्यापेक्षा शेवटचा अपडेट कधीचा ते बघ.

आता खरी पंचाईत सांगतो, ती तुमच्या फाईलींची आहे. तू लिहिलंयस की स्कॅनवाल्याने 'बेस्ट क्वालिटी' म्हणून ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन दिलेत. कशाला रे? पिवळा पडलेला कागद रंगीत दिसतो एवढाच त्याचा फायदा. जरा हिशोब कर, ए-फोर पान ६०० डीपीआयला ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल, प्रत्येकी तीन बाईट, म्हणजे उलगडल्यावर एक चित्र सुमारे १०४ एमबी. फाईलमध्ये ते दाबून बसवलेलं असतं म्हणून आपल्याला कळत नाही. ३०० डीपीआयला तेच पान स्क्रीनसाठी चार बाईटने तयार केलं तरी ३५ एमबीच्या आसपास जातं, आणि माणूस बोटाने सरसर पानं सरकवतो तेव्हा पुढची-मागची चार पानं तयार ठेवावी लागतात. तीन जीबी रॅमच्या फोनवर अ‍ॅप गुपचूप बंद पडणार आणि आजोबा म्हणणार तुमचं अ‍ॅप बिघडलं. मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर जपून ठेवा, ते मोलाचे आहेत, पण अ‍ॅपसाठी वेगळी प्रत बनव: नुसता मजकूर असलेली पानं काळी-पांढरी, मुखपृष्ठ, जाहिराती, व्यंगचित्रं तेवढी रंगीत, आणि १५०-२०० डीपीआय पुरे. झूम केल्यावर अख्खं पान मोठं करून रंगवायचं नाही, जेवढा तुकडा दिसतोय तेवढाच करायचा, हे चांगली पॅकेजेस आपणहून करतात पण खात्री कर. आणि अंकांच्या यादीत दिसणारी मुखपृष्ठं फोनवर पीडीएफमधून काढत बसू नकोस, सर्व्हरवर एकदाच छोटे जेपीजी करून ठेव. यादी सरकवताना अडखळते त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

फाईल नेटवरून थोडी थोडी उघडायची का पूर्ण उतरवून? पीडीएफची गंमत अशी की तिच्या आत काय कुठे आहे याची यादी फाईलच्या शेवटाला असते, त्यामुळे साधी फाईल असेल तर वाचणाऱ्याला आधी शेपूट गाठावं लागतं. क्यूपीडीएफ नावाचं फुकट टूल आहे, त्याने लिनिअराइझ केलं, म्हणजे पहिल्या पानाला लागणारं सगळं फाईलच्या सुरुवातीला आणलं, की पहिलं पान लवकर दिसतं, पण सर्व्हरने तुकड्या-तुकड्याने फाईल द्यायला पाहिजे. तुमच्यासाठी मी म्हणेन एकदाच डाउनलोड, अ‍ॅपमध्ये साठव, नंतर नेट नसलं तरी चालेल. गावाकडे रेंजचं काय ते तुला मी सांगायला नको.

मग शोध. कमिटीला शोध हवाच असणार, 'अमक्याची कथा कुठल्या अंकात' हाच वाचनालयातला रोजचा प्रश्न. इथे तुमच्या फाईलींचे दोन ढीग कर. जुने स्कॅन म्हणजे नुसती चित्रं, त्यात अक्षर असं काही नाहीच, कुठलंही इंजिन आण, शोधायला काही मिळणार नाही. त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनने ओळखणं, लागेल. टेसरॅक्ट नावाच्या ओसीआर टूलला मराठी येतं, आणि ओसीआरमायपीडीएफ त्याच्या जोरावर पानामागे न दिसणारा मजकूर चिकटवून देतं. जुन्या खिळ्यांची छपाई, फुटलेली जोडाक्षरं, चुका भरपूर होतील, तरी लेखकाचं नाव सापडण्यापुरतं पुष्कळ आहे. दुसरा ढीग म्हणजे नव्वदीनंतरचे डीटीपीवाले, कॉम्प्युटरवर जुळवलेले अंक, ज्यांच्या पीडीएफ प्रेसकडून मिळाल्यात. दिसायला एकदम कडक, पण कॉपी करून बघ, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा येईल, कारण श्रीलिपीसारख्या त्या काळच्या फॉन्टांमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. डोळ्याला मराठी आणि मशीनला भलतंच. त्याला युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) बदलणारे कन्व्हर्टर आहेत, नाहीतर याही फाईलींना सरळ ओसीआरच कर, छपाई स्वच्छ असल्यामुळे निकाल चांगला येतो.

आणि युनिकोडवाल्या नव्या पीडीएफ आल्या की हुश्श करू नकोस. पानावर वेलांटी म च्या आधी काढलेली असते, मग मजकूर बाहेर काढताना बऱ्याच फाईलींमधून 'मित्र' चं 'िमत्र' होऊन येतं आणि शोध म्हणतो सापडलं नाही. म्हणून अ‍ॅपमधल्या व्ह्यूअरच्या शोधावर विसंबूच नकोस. अनुक्रमणिका माणसं बसवून टाईप करून घ्या, लेखक, शीर्षक, पान नंबर, आणि शोध त्यावर चालव. वाचनालयात रिटायर झालेले मास्तर खूप आहेत ना, त्यांना हे काम आवडेल आणि ते ओसीआरपेक्षा कितीतरी अचूक करतील.

बुकमार्क आणि खुणा करायच्या असतील तर एक गोष्ट आत्ताच पक्की कर, जागा पिक्सेलमध्ये साठवायची नाही. पीडीएफचं माप पॉइंटमध्ये असतं, इंचाला ७२, ए-फोर म्हणजे साधारण ५९५ बाय ८४२, आणि मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर जाते, तर फोनची स्क्रीन वरून खाली. उलटं करायला विसरलं की वरच्या ओळीवरची खूण तळाला दिसते. शिवाय स्कॅनरने आडवी झालेली पानं असतात, त्यांना फिरवल्याची नोंद फाईलमध्ये वेगळी असते, तीही धरायची.

बाकी तुझ्या लिस्टमधलं पान उलटायचं अ‍ॅनिमेशन मी आधी उडवेन. पीडीएफ म्हणजे कागद, फोनच्या रुंदीप्रमाणे तिच्यातला मजकूर वाहत नाही, आणि दिवाळी अंक म्हणजे दोन-तीन कॉलम, सहा इंचाच्या स्क्रीनवर मुंग्या दिसणार. तुमचे वाचक साठी ओलांडलेले. त्यांना लागतं ते एवढंच: कॉलमवर दोनदा टॅप केलं की तो कॉलम स्क्रीनभर व्हावा, पुढच्या पानावर गेलं तरी झूम तसाच राहावा, आणि अ‍ॅप परत उघडल्यावर त्याच पानावर उघडावं. या तिन्हीतलं मधलं बऱ्याच पॅकेजमध्ये आयतं मिळत नाही, वेळ तिथे घाल.

आणि हो, 'दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा' आणि 'प्रिंट' ही दोन बटणं ठेवच. अँड्रॉइड ७ पासून फाईलचा सरळ पत्ता दुसऱ्या अ‍ॅपला दिला तर अ‍ॅप आपटतं, फाईल प्रोव्हायडर या अँड्रॉइडच्याच सोयीतून द्यावा लागतो, तयार पॅकेज ते सांभाळतं.

आता तू एक कर. तुमच्याकडची सगळ्यात वाईट फाईल, जाडीने, डागाने, फाटक्या पानांनी, ती ड्राइव्हवर टाकून मला लिंक पाठव. माझ्याकडे एक जुना फोन आहे, मागची काच फुटलेला, त्यावर चालवून बघतो आणि कळवतो. एक डीटीपीवाली पण पाठव, म्हणजे फॉन्ट कुठला ते फाईलमध्येच दिसेल. आणि स्कॅनवाल्याला उरलेले अंक ६०० ला करायच्या आधी फोन कर बाबा, आजच.

काकूंना नमस्कार. गणपतीत आलो की वाचनालयात चक्कर मारूच.

तुझा,
मन्या