तारेचं टोक कुठे जातं

जळगाव

चि. योगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं पाकीट मिळालं. झुमके, विणकामाचं पेंडंट आणि तांब्याची साखळी, तिन्ही पाहिले. दिसायला तिन्ही छान आहेत. पण तारेच्या कामाची खरी परीक्षा डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळते. पेंडंट पालथं करून सुती ओढणीवरून हलकंच ओढून बघ. जिथे धागा अडकतो, तिथे टोक वर राहिलंय. तुझ्या पेंडंटला तशा तीन जागा आहेत. घेणाऱ्या बाईच्या साडीचा दोरा एकदा निघाला की ती पुन्हा तुझ्याकडे येणार नाही.

तू विचारलंस की व्हिडिओ बघून डिझाइन जमतं, पण ते दुसऱ्याचंच वाटतं, आपलं स्वतःचं कधी होणार? बाळा, तारेच्या कामात प्रत्येक तुकड्याला दोन टोकं असतात आणि ती कुठेतरी संपवावी लागतात. कुणी टोक गुंडाळून चक्री करतं, कुणी मण्याच्या भोकात परत घालतं, कुणी ठोकून चपटं पान करतं. आपण ज्याला नक्षी म्हणतो त्यातली निम्मीअर्धी अशीच, टोकाची सोय लावताना निघालेली असते. कारागिराचा हात ओळखू येतो तो इथे. म्हणून नवीन डिझाइनं शोधणं काही दिवस थांबव. एकच वस्तू घे, पुन्हा पुन्हा कर, आणि दर वेळी फक्त एक गोष्ट बदल: तारेची जाडी, नाहीतर वेढ्यांची संख्या, नाहीतर टोकाची जागा. तिन्ही एकदम बदललंस तर काय बिघडलं आणि कशाने सुधारलं, हे कधीच कळणार नाही.

आधी तारेचं बोलू. तुझी साखळी ज्या तारेची आहे ती मोटार वाइंडिंगच्या दुकानातली दिसते. तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. कडी करायला ती चालते, पण तिला काळपट रंग चढत नाही आणि डाखही (वितळवून जोडायचा धातू) धरत नाही. चिमट्याने ओरखडा पडला की तेवढाच ठिपका पुढे काळा पडतो. तो थर जाळून काढायच्या भानगडीत पडू नकोस, धूर वाईट असतो. उघडी, मऊ तांब्याची तार माग. मागताना गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, सांगू नकोस, मिलिमीटर सांग. आपल्याकडे दुकानदार जे गेज धरतात त्यात २२ नंबर म्हणजे ०.७१ मिमी, आणि परदेशी व्हिडिओतला २२ नंबर म्हणजे ०.६४ मिमी. मण्याचं भोक अडतं ते या फरकामुळे. वजनाचा अंदाजही ठेव: १ मिमी तांब्याची तार १०० ग्रॅममध्ये साधारण १४ मीटर येते, ०.४ मिमीची जवळजवळ ८९ मीटर. शिकायला महिनोन्‌महिने पुरते, म्हणून हात राखून वापरू नकोस.

तांबं वाकवलं की कडक होत जातं. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. कडक झालेली तार त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. चूक झाली तर एकदा सरळ कर, फार तर दोनदा, मग तो तुकडा भंगारात टाक. जाड तार मऊ करायची असेल तर सैल वेटोळं करून गॅसच्या बत्तीच्या ज्योतीने तापव. खोलीत उजेड कमी ठेव, म्हणजे तांबं मंद लाल झालेलं दिसेल. तेवढंच पुरे, लगेच पाण्यात टाक. वर काळी खपली येते. ती काढायला वाटीभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) घाल. त्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवू नकोस, नाहीतर पुढे त्यात चांदी टाकलीस की तिच्यावर तांब्याची लाली चढेल. ०.३ मिमीची बारीक तार मात्र तापवायला जाऊच नकोस. बत्ती लागताच ती वितळून जाते. ती मऊच विकत घ्यावी.

आता तुझे झुमके. मणी तारेत ओवून वर वेढ्यांची कडी केलीस, पण मणी हलतो आणि वेढे एकावर एक चढलेत. या कडीवर थोडं थांबते, कारण तारकामातलं सगळं शहाणपण या एवढ्याशा जागेत आहे. ०.८ मिमीची तार घे. मण्याच्या वर तीन वेढे द्यायचे असतील तर त्यांना तीन तारांच्या जाडीएवढी, म्हणजे २.४ मिमी मान लागते. मान म्हणजे मणी आणि कडी यांच्यामधला तारेचा सरळ भाग. तेवढी मान सोडून चपट्या तोंडाच्या चिमट्याने धर आणि तार काटकोनात वाकव. मान कमी सोडलीस की तिसरा वेढा दुसऱ्यावर चढतो, जास्त सोडलीस की मणी खालीवर नाचतो. तुझ्या दोन झुमक्यांत नेमके हे दोन दोष एकेक आलेत. मग गोल तोंडाच्या चिमट्याने आतून ३ मिमीची कडी कर. तिला १२ मिमी तार जाते, प्रत्येक वेढ्याला ५ मिमी, म्हणजे तीन वेढ्यांना १५, आणि धरायला शेपूट १३ मिमी. मान सोडून एका बाजूला एकूण ४ सेंटिमीटर. शेपूट यापेक्षा आखूड ठेवलंस तर शेवटचा वेढा ओढायला पकड मिळत नाही आणि तो सैल राहतो. तोच ओढणीत अडकतो.

वेढे देताना तार मानेशी काटकोनात ठेव आणि ताण सारखा ठेव. कापताना कटरची सपाट बाजू वेढ्यांकडे हवी. दुसऱ्या बाजूने कापलंस तर टोकाला धार राहते. शेपटावर बोट ठेवूनच काप, तुकडा डोळ्यात उडतो. मग टोक चिमट्याने दाबायचं ते मानेच्या आत, आणि झुमक्याच्या मागच्या अंगाला. दोन्ही झुमके एकदम करत जा: दोन्ही तारा बरोबर काप, दोन्ही माना बरोबर वाकव, मग दोन्ही कड्या. एक पूर्ण करून दुसरा करायला घेतलास की जोड जमत नाही.

साखळीच्या कड्यांचंही तेच. ५ मिमीच्या सळईवर १ मिमी तार घट्ट गुंडाळली की प्रत्येक कडीला साधारण १९ मिमी लागते, पन्नास कड्यांना ९५ सेंटिमीटर, वर पाच-सहा सेंटिमीटर धरण्यासाठी. सळईवरून काढल्यावर तार किंचित उलटते आणि कडी जराशी मोठी होते. माप नेमकं हवं असेल तर सळई थोडी बारीक घे. प्रत्येक काप झाल्यावर कटर उलटा करून टोकाचा चिंबलेला भाग सपाट कापून टाक, तरच दोन्ही तोंडं एकमेकांना भिडतात. कडी उघडताना तोंडं बाजूला सरकव, फाकवू नकोस. मिटवताना थोडी पलीकडे नेऊन परत आण. त्या हालचालीने ती कडक होते आणि पुन्हा उघडत नाही. तुझ्या साखळीत फटी आहेत त्या मिटवताना हा पलीकडचा झोका न दिल्यामुळे.

विणकामाच्या पेंडंटला तार कमी पडून मध्येच जोड दिलायस. हिशेब असा: १ मिमीच्या गाभ्यावर, म्हणजे आतल्या जाड तारेवर, ०.३ मिमी तार गुंडाळली की एका वेढ्याला सुमारे ४ मिमी जाते, आणि एक सेंटिमीटर भरायला ३३ वेढे लागतात. म्हणजे सेंटिमीटरमागे १३ ते १४ सेंटिमीटर तार. पाच सेंटिमीटरला ८० घेऊन बस. पण दीड मीटरपेक्षा लांब तुकडा घेऊ नकोस, तार गुरफटते. पीळ पडलेला दिसला की ओढू नकोस, फास बोटाने उघड. ओढलीस की तिथेच तुटते. आणि दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे हातोडी चालवू नकोस, वरची खालचीला कापते.

खडा बांधायचा असेल तर आधी त्याची जात बघ. आपल्या सावद्याच्या खाणींत निघणारी अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटची स्फटिकं फार सुंदर दिसतात, सगळ्या जगात जातात, पण ती नरम असतात आणि थरावर सहज सुटतात. घट्ट तारेखाली कोपरा उडतो. त्यांना सैल पिंजरा करावा, खड्यावर दाब न देता. घट्ट बांधायला अकीक बरा, तो कठीण असतो.

कानात जाणारी तार जर्मन सिल्व्हरची नको. त्यात निकेल असतं, पुष्कळांच्या कानाला खाज सुटते. ९२५ चांदीची ०.८ मिमी घे, टोक बारीक कानशीने गोल कर आणि गालावरून फिरवून बघ. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, घामाने तांबं काळं पडतं आणि कातडीवर हिरवट डाग येतो. तो धुतला की जातो. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगावं. मुद्दाम काळपट रंग द्यायचा असेल तर साबणाने धुऊन, बोटं न लावता, उकडलेल्या अंड्याच्या कुस्करलेल्या बलकाबरोबर दागिना पिशवीत बंद ठेव. बलकातल्या गंधकाने रंग चढतो. नंतर बारीक स्टील वूलने उंच भाग उजळवावा आणि मेणाचा पातळ हात फिरवावा.

बांगडी विचारली होतीस. २.६ माप म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, आतला व्यास ६०.३ मिमी. २ मिमीची तार वापरलीस तर १९६ मिमी लागते. आतल्या मापावर कापशील तर बांगडी लहान होईल, तारेची जाडी धरावीच लागते.

बघायचं असेल तर घरची नथ बघ. आजीची नथ भिंगाखाली धर. मोती बारीक तारेने मुख्य तारेला बांधलेत, आणि बांधणीची टोकं कुठेच दिसत नाहीत. कुठून शिरली आणि कुठे संपली ते शोध, मग पितळी तारेवर तेच करून बघ. मोत्याचं भोक फार बारीक असतं, ०.३ मिमीच्या वर जाऊ नकोस. गोफही बघ. तारा विणून दोरी करायची आणि ती लाकडी फळीच्या भोकांतून, मोठ्यातून लहानात ओढत न्यायची, की वीण बसते आणि लांबी वाढते. होळीआधी धडगावकडे भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे चांदीच्या हासळ्या (गळ्यातली जाड वळी) आणि हातापायांतली कडी बायकांच्या अंगावर दिसतील. विचारून जवळून बघ. शाळेत शिकवत नाहीत ते तिथे दिसतं.

किंमत ठरवताना तारेचं वजन, वाया गेलेले तुकडे आणि वेळ, तिन्ही धर. तू वेळ धरलेलाच नाहीस. त्या किमतीत महिनाभर काम केलंस तर हातात काही उरणार नाही.

एक वही ठेव. नमुन्याचं नाव नको, तारेची जाडी, लांबी, सळईचा व्यास, वेढे आणि टोक कुठे गेलं एवढंच लिही. तुकडा वहीतच टाचून ठेव, बिघडलेलाही.

झुमके मी परत पाठवत नाही. तू नवे करून पाठव, तसेच, त्याच मण्यांचे, आणि दोन्ही माना २.४ मिमीच्या. तुझ्या गोल चिमट्याच्या तोंडाला खाच पडलीय, तारेवर तिचे व्रण दिसतात. घरी येशील तेव्हा तो घेऊन ये, बारीक पॉलिश पेपरवर घासून देते.

बाकी सर्व ठीक. तब्येत सांभाळ, रात्री कमी उजेडात बारीक तार घेऊन बसू नकोस.

तुझी
आई