आता दार लावून झोपा

ती. आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही टोकाच्या खोलीत दोन महिने राहिलात आणि थंडी वाजते असं एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही गेल्यावर अंथरूण आवरताना आईचे दोन स्वेटर आणि लोकरीचे पायमोजे उशीखाली सापडले, तेव्हा मला कळलं. फार वाईट वाटलं. भट्टी चालू होती, दिवाणखान्यात २२ अंश होते, आणि त्याच घरात तुमच्या खोलीत १६. यंदा तुम्ही यायच्या आधी तुमची खोली उबदार करायचीच असं तेव्हाच ठरवलं होतं. ते झालं आहे, म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही तळघरातली भट्टी पाहिली आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेलेटच्या कांड्या, जाडीला जेमतेम ६ मिलिमीटर, वरच्या टाकीतून मळसूत्राने थोड्या थोड्या जाळपात्रात पडतात. धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो. घरातली हवा धुराला न शिवता तापलेल्या पत्र्यावरून जाते आणि ब्लोअर, म्हणजे भट्टीचा पंखा, ती डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, खोल्यांत ढकलतो. मी बोलावलेल्या कारागिराने दहा मिनिटांत सांगितलं, भट्टी लहान पडते, मोठी घ्या. मला ते पटलं नाही. दिवाणखाना उकडत होता, म्हणजे उष्णता तयार होत होती. ती तुमच्यापर्यंत पोचत नव्हती.

मग थर्मामीटर घेऊन खोल्यांत गरम हवा सोडणाऱ्या एकेका जाळीपाशी बसले. भट्टीतून निघताना हवा ५५ अंश, दिवाणखान्याच्या जाळीपाशी ५०, तुमच्या खोलीत ३४. शिवाय तिथे हवा इतकी हळू येत होती की जाळीवर धरलेली कागदाची पट्टी नुसती थरथरायची.

तुमच्या खोलीकडे जाणारा डक्ट चार इंची होता, बाकी सगळे सहा इंची. चार म्हणजे सहाच्या दोन तृतीयांश, तेव्हा हवाही तेवढी जात असेल असं वाटतं. पण क्षेत्रफळ ४४ टक्केच भरतं, आणि अरुंद नळीत घर्षण इतकं वाढतं की तेवढ्याच दाबाला हवा जेमतेम एक तृतीयांश जाते. त्यात तो लवचीक डक्ट गाद्यागिरद्यांसारखा चुरगळून कोंबलेला, आणि वाटेत दोन काटकोनी वळणं. मी तिथे पत्र्याचा सहा इंची सरळ डक्ट घातला. वळण टाळता येत नव्हतं तिथे मोठ्या गोलाईचा कोपरा बसवला.

गळती शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि फायदाही तिथेच जास्त झाला. सांध्यांवर कापडी डक्ट टेप होता, वाळून सुटलेला. नाव डक्ट टेप असलं तरी डक्टच्या उष्णतेत तो टिकत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९९८ साली वेगवेगळ्या टेप आणि लेप तापवून तपासले होते, त्यात कापडी टेपच सगळ्यात वाईट ठरला. म्हणून सगळा खरवडून काढला, सांधे स्क्रूने घट्ट केले आणि वरून ब्रशने मॅस्टिकचा, म्हणजे सांधे बुजवायच्या चिकट लुकणाचा, जाड लेप दिला. तळघराच्या थंड भागातून जाणाऱ्या डक्टला काचलोकरीचं आवरणही घातलं.

घरातली गार हवा पुन्हा भट्टीकडे नेणाऱ्या परतीच्या डक्टचे भट्टीजवळचे सांधे तर मी पहिल्या दिवशीच बुजवले. तिथे गळती असली की ब्लोअर तळघरातलीच हवा ओढतो आणि भट्टीतला धूर उलटा आत खेचला जाऊ शकतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून तळघरात एक आणि तुमच्या खोलीबाहेर एक असे दोन अलार्म बसवले आहेत. पेलेटचा मोठा साठा कोंडलेल्या जागेत ठेवला तर त्यातूनही हा वायू सुटतो, तेव्हा आता मोजक्याच पिशव्या घरात ठेवते, त्याही हवेशीर कोपऱ्यात.

एवढं करूनही खोली रात्री गारच पडायची. दिवसा ठीक, रात्री गार. चार दिवस डोकं चालेना. मग आठवलं, तुम्ही दार लावून झोपता. दार बंद केलं आणि खालच्या फटीशी कागदाची पट्टी धरली, तर ती सपकन बाहेर उडाली. परतीची जाळी बाहेर बोळात आहे. दार लागलं की आत आलेल्या हवेला बाहेर पडायला जागाच उरत नाही, खोलीत दाब साचतो आणि नवी गरम हवा आत शिरत नाही. गरम हवा आणायची तर गार हवेला परतीची वाट हवी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता भिंतीच्या पोकळीतून वाट काढली आहे: आतल्या बाजूने जाळी छताजवळ, बोळाच्या बाजूने जमिनीजवळ. वरखाली असल्यामुळे उजेड येत नाही आणि आवाजही कमी येतो.

बाबा, शेवटच्या नळाला पाणी यावं म्हणून तुम्ही पहिला नळ अर्धा आवळायचात ना, तेच मी डँपरने, म्हणजे डक्टमधल्या झडपेने, केलं. दिवाणखान्याचा डँपर साधारण एक तृतीयांश बंद केला. जास्त आवळला तर भट्टीवरून हवा कमी जाते, ती तापते आणि सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. फिल्टर बदलला, पत्र्यांवरची राख झाडली. आणि भट्टी भडकवून बंद करण्याऐवजी मंद आचेवर सतत चालू ठेवते, म्हणजे डक्ट मधेच गार पडत नाहीत.

काल रात्री मी स्वतः तुमच्या खोलीत दार लावून झोपले. पहाटे पाचला २१ अंश होते, आणि जाळीतून येणारी हवा ४६.

एक राहिलं आहे. गरम हवेची जाळी खिडकीखाली आहे आणि पलंग नेमका तिच्यावर येतो, त्याने हवा अडते. पलंग हलवायला हवा. आई, तुला वाचायला डावीकडून उजेड लागतो, तेव्हा तो दाराच्या भिंतीला लावू की कपाटाच्या, ते तूच सांग. तुझं उत्तर आलं की हलवते.

तुमची,
ताई