पीआरपीआधी फिजिओथेरपी द्या

कबड्डीच्या मोसमात गुहागर-चिपळूणकडची पोरं सुजलेल्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून पुन्हा मैदानात उतरतात. मग कुणीतरी 'पीआरपी' सुचवतं: आपलंच रक्त यंत्रात फिरवून, प्लेटलेट्स एकवटून दुखऱ्या जागी टोचायच्या. पण घोट्यामागच्या अकिलिस टेंडनच्या (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) जुनाट दुखण्यावर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा उपाय लुटुपुटीच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही. पूर्ण तुटलेलं लिगामेंट, म्हणजे सांध्यात हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तर त्याने सांधलं जात नाहीच. आंब्याच्या बागेत राबून जमवलेले पैसे घरचे त्यात घालतात, याचं फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगावं. आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट कायम हवाच. मांडीचे स्नायू बळकट करून घेणारं कुणी नसेल, तर पोरं जाणार कुठे?

– एक कबड्डी प्रशिक्षक, गुहागर